हुपरी-दुरुस्ती

पुण्यात येऊन तीन दिवस झाले नव्हते, तोवर कस्तुरी वाईंगडेला कळलं की आपण आजवर चुकीचं बोलत आलो.

दातांच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. यंत्रातून छापून निघालेले दात हातानं घासायचे, रंगाशी जुळवायचे, खऱ्यासारखे करायचे. हुपरीत आईबरोबर चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडून जोडून तिची बोटं तयार झालेली होती, त्यामुळे काम अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा संपवून उठताना ती म्हणाली, "मी जातो, माझी बॅच राहिलीय." टेबलावरच्या पाचही जणींनी माना वर केल्या. मग त्यांतली हेमांगी म्हणाली, "कुठे निघालात, साहेब?" आणि सगळ्या हसल्या.

त्या हसण्यात खोट नव्हती. हेमांगीनंच नंतर तिला जवळची खानावळ दाखवली, खोली बघायला बरोबर आली. पण हेमांगीला तरी कुठून माहीत असणार? हुपरी, इचलकरंजी, कागल या सगळ्या पट्ट्यात बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जातो' असंच म्हणतात. नवी नवरी म्हणते, आजेसासू म्हणते, सरपंचबाई भाषणात म्हणते. त्यामुळे त्यांना कुणी पुरुष समजत नाही, आणि त्याही स्वतःला समजत नाहीत. 'ती आली', 'तू गेलीस' हे सगळं बाकीच्या महाराष्ट्रासारखंच, फक्त 'मी' म्हटलं की बाई आणि बुवा एकाच चपलेत पाय घालतात. कस्तुरीला तुम्ही ती म्हणायचं की तो, हे खुद्द कस्तुरीचंच ठरलेलं नाही, म्हणून तूर्त मी तिला 'ती' म्हणतो. मी 'म्हणतो' म्हणालो, त्यावरून माझ्याबद्दलही काही ठरवू नका.

सहा महिन्यांत ती 'जाते, येते' शिकली. शिकली म्हणजे तोंडात बसवलं. पण दर वेळी त्या शेवटच्या अक्षरापाशी तिचा जीव गुदमरायचा. 'मी बसते' म्हटलं की बसणारी दुसरीच कुणी असायची. आधी वाटलं, सवय होईल. सवय झाली नाही. मग तिनं आपल्या आपण एक पळवाट शोधली. 'मी जाते' ऐवजी 'मला जायचंय'. 'मी जेवले' ऐवजी 'माझं जेवण झालं'. 'मी उद्या येते' ऐवजी 'उद्या येईन'. मराठीत अशा फटी पुष्कळ आहेत, शोधणाऱ्याला सापडतात. दिवसचे दिवस ती 'ते' न म्हणता काढायची आणि प्रयोगशाळेत कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आणि मग एके दिवशी दात घासता घासता तिच्या मनात आलं की बाकीच्या कोल्हापूरकडच्या मुली इथं येऊन आठ दिवसांत 'जाते' म्हणायला लागतात, हसून सोडून देतात. आपल्यालाच का जमत नाही? बारा-तेराव्या वर्षापासूनच्या कितीतरी गोष्टी तिला आठवल्या. आरशात मानेखाली न बघण्याची सवय. कुणी 'ताई' म्हटलं की उगाच मागे वळून पाहणं. हुपरीत तिला कधी स्वतःला काही विचारायची वेळच आली नव्हती, कारण दिवसातून शंभरदा ती 'मी आलो, मी बसलो' म्हणायची आणि ते बरोबर वाटायचं. बरोबर वाटायचं म्हणून त्याकडे लक्षही गेलं नव्हतं. आता ते तोंडातून काढून घेतल्यावर खाली काय आहे ते दिसायला लागलं होतं, आणि तिला भीती वाटत होती.

हे घराच्या बोलीचं दुःख आहे, की मी बाई नाहीच? एवढा एक प्रश्न तिला एका जाणत्या माणसासमोर बसून विचारायचा होता.

असा जाणता माणूस शोधायला तिनं सुरुवात केली. पहिल्या समुपदेशक बाईंची एका तासाची फी तिच्या आठवड्याच्या पगाराएवढी होती. दुसरीकडे फुकट शिबिर होतं. तिथल्या बाईंनी चार मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी लग्नाचं बघतायत का? एकदा झालं की हे सगळं मागे पडतं." तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी जन्मवेळ विचारली. चौथी एक संस्था होती, तिथं अशा माणसांसाठीच समुपदेशक होते आणि फी परवडण्यासारखी होती, पण यादी चौदा महिन्यांची. फोनवरची मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, "चौदा महिने म्हणजे खरं तर वीस धरा. त्यापेक्षा मंडळाच्या श्रोत्याकडे जा. अंक चांगला आला तर लगेच माणूस मिळतो."

श्रोता म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. आपण वाक्य बोलायला लागतो तेव्हा त्याचा शेवट मेंदूनं आधीच काढून ठेवलेला असतो. 'मी बाजारात जा' इथवर जीभ पोचते, तेव्हा पुढे 'तो' लावायचं की 'ते', हे पाव सेकंद आधीच ठरलेलं असतं. पुष्कळ भाषांत ही निवड करावीच लागत नाही. मराठी माणसाला ती दिवसातून हजार वेळा करावी लागते, आणि हजार वेळा तो स्वतःबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर नकळत देत असतो. संशोधकांनी वीस हजार माणसांचं बोलणं तपासलं तेव्हा त्यांना आढळलं की ज्यांच्या मनात स्वतःविषयी शंका आहे त्यांचा त्या शेवटच्या अक्षराआधी सेकंदाचा पंचविसावा भाग खर्ची पडतो. स्वरतंतू क्षणभर घट्ट होतात. माणसाच्या कानाला हे ऐकू येत नाही, यंत्राला येतं, आणि त्या यंत्रालाच श्रोता म्हणतात.

शोध खरा होता. त्यातून कितीतरी अडलेल्या माणसांना पहिल्यांदाच कुणीतरी विश्वासानं ऐकून घेतलं, हेही खरं. पण समुपदेशक थोडे आणि रांग मोठी. तेव्हा मनस्वास्थ्य मंडळानं ठरवलं की आधी यंत्रापाशी आठ बैठका करायच्या. नोंदलेल्या लिंगाशी बोलणं किती जुळत नाही, त्याचा यंत्र शंभरपैकी अंक देईल. सत्तरच्या वर अंक आला तर माणसाबरोबर बारा बैठका, बसभाड्याच्या पैशात. खाली आला तर श्वासाचे व्यायाम मोबाईलवर येतील.

मंडळाच्या केंद्रात एक खुर्ची होती, समोर टेबलावर डब्याएवढं यंत्र, त्यावर लाल दिवा. आवाज बाईचा, मऊ. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "इथे तुम्ही अगदी घरच्यासारखं बोला." सहा महिन्यांत कस्तुरीला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती बोलायला लागली ती थांबेचना. "मी शाळेतनं आलो की आईजवळ बसायचो, घुंगरं जोडायचो. मी लई बोलायचो त्यावेळी." आठही बैठका ती घरच्यासारखं बोलली. मधूनच 'माझं असं झालं, मला असं वाटलं' या आपल्या पळवाटांनीही गेली. यंत्रानं तेही टिपून ठेवलं.

अंक आला एक्क्याण्णव. खाली लिहिलं होतं, स्वतःचा उल्लेख पुल्लिंगी, विलंब शून्य.

केंद्राबाहेरच्या बाकावर बसून तिनं तो कागद चार वेळा वाचला. तिला आनंद झाला होता, इतका की रडू येत होतं. कुणीतरी ऐकलं होतं आणि लिहून दिलं होतं. मनाच्या कोपऱ्यात तिला ठाऊक होतं की हे शून्य हुपरीतल्या कुठल्याही बाईचं येईल. तो कोपरा तिनं तेवढ्यापुरता झाकून ठेवला.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. आई, म्हणजे वैजयंता वाईंगडे, नवऱ्यामागं एकटीनं घुंगरांवर घर चालवलेली बाई. घरातल्या पुढच्या सोप्यात बसून काम करता करताच ती फोनवर बोलायची, त्यामुळे तिच्या बोलण्याला मागून सतत बारीक आवाज असायचा.

"अगं कस्तू, एका बाईचा फोन आल्ता पुण्यासनं. लई गोड बोलली. माझं गुडघं इचारलं, झोप लागती का इचारलं. अर्धा तास बोललो बघ मी. कोण गं ती?"

तो फोन मंडळाचा होता, हे कस्तुरीला लगेच कळलं. अर्जात 'जवळची व्यक्ती' अशा रकान्यात तिनं आईचा नंबर दिला होता. घरच्यांच्या बोलण्याशी ताडून बघतात, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं तिनं वाचलं नव्हतं. यंत्रानं आईला कशासाठी ते सांगितलं नव्हतं, एवढंच नशीब.

"कंपनीच्या विम्याचं असंल," ती म्हणाली.

आठवड्यानं मंडळाच्या कचेरीतून बोलावणं आलं. पडताळणीचे अधिकारी सोनटक्के नावाचे होते. पन्नाशीचे, दमलेले, स्वभावानं बरे. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या आईंचा अंक चौऱ्याण्णव आला आहे."

कस्तुरीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"आम्ही घाबरलो. मग हुपरीतल्या आणखी चाळीस बायकांना फोन लावले. चाळीसच्या चाळीस पुरुष निघाल्या." हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. "यंत्र शिकलेलं इकडच्या बोलण्यावर. तुमच्याकडे असं बोलतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय. हुपरी-दुरुस्ती म्हणतो आम्ही. त्या भागातल्या बायकांचं 'जातो' यापुढे मोजायचं नाही."

"मग माझा अंक?"

"एकोणीस."

तिनं पदराशी चाळा करावा तसा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. ती तयारीनं आली नव्हती, पण बोलायला तर हवं होतं. "साहेब, 'जातो' सोडा. पण 'जाते' म्हणताना माझी जीभ अडते. तेवढं तरी मोजा."

सोनटक्क्यांनी पडदा सरकवला. "मोजलंय. परक्या बोलीतलं अडखळणं म्हणून वजा केलंय."

"आणि ते शब्दच टाळायची माझी सवय, 'मला जायचंय' म्हणायची?"

"तेही आहे इथे. प्रमाण भाषा नवी असलेल्यांची पळवाट, असं लिहिलंय." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, तुम्हाला त्रास नाही असं मी म्हणत नाही. पण त्रास कशाचा आहे, ते यंत्राला आता कळायला मार्ग नाही. बोलीचा की तुमचा?"

हाच तर तिचा प्रश्न होता. तो विचारायला माणूस मिळावा म्हणून ती इथवर आली होती, आणि त्याचं उत्तर आधी आणल्याशिवाय माणूस मिळणार नव्हता.

"काहीच उपाय नाही?"

त्यांनी नियम वाचून दाखवला, बिचाऱ्यांनी भल्या मनानं. घरातली थोरली बाई जर 'जाते-येते' बोलणारी असेल, तर बोलीचा प्रश्न उरत नाही. मग अर्जदाराचं 'जातो' हे त्याचं स्वतःचं धरतात आणि दुरुस्ती उठते. "तुमच्या घरात तसं नाही. तरी तीन महिन्यांनी फेरपडताळणीचा फोन जातो, नियमाप्रमाणे. तो जाईल, आणि त्यात नवं बोलणंच धरतात."

तीन महिने, एवढंच कस्तुरीच्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या जिन्यावर बसून तिनं आईला फोन लावला.

"आई, तुला 'मी येते, मी जाते' असं बोलायला शिकायचंय."

"का? मी कुठं वाकडं बोललो?"

"वाकडं न्हाई गं. विम्याचं काम आहे. त्यांना शुद्ध बोलणारं घर लागतंय. परत फोन येणार हाय त्या बाईचा."

"शुद्ध म्हंजे टीव्हीतल्या बायकांवानी?"

"व्हय."

"अगं, त्या नाटकं करत्यात. मी ह्या वयात नाटकं करू व्हय?" घुंगरांचा आवाज जरा वेळ थांबला. "तुझं काम व्हणार असंल तर बोलतो की. बोलते. बघ, आलं."

आईची शिकण्याची तऱ्हा तिच्या कामासारखीच होती. एका पैंजणाला साठ घुंगरं, दर घुंगराला एक क्रियापद. मी आले. मी गेले. मी बसले. मी उठले. पैंजण संपेपर्यंत साठदा म्हणून व्हायचं. समोरच्या घरातली अक्काताई उंबऱ्यात बसून तेच काम करायची. तिनं विचारलं, "वैजू, घरात बसून पुण्याचं वारं लागलं काय तुला?" आई म्हणाली, "पोरीचं काम हाय." मग अक्काताईनं आणखी काही विचारलं नाही.

रोज दुपारी दहा मिनिटं कस्तुरी तिची तालीम घ्यायची. आई चुकली की ती म्हणायची, "आलो न्हवं, आले." आई लगेच सुधारायची. हे करताना कस्तुरीला स्वतःची लाज वाटायची. ज्या अक्षरानं आपला गळा धरला तेच आपण आईच्या तोंडात कोंबतोय, आणि तेसुद्धा खोटं सांगून, हे तिला दिसत होतं. पण बारा बैठका होत्या. बारा तास समोर माणूस असणार होता. ती रोज स्वतःला तेवढंच सांगायची.

दोन महिने झाले असतील, एका दुपारी आई म्हणाली, "एक सांगू का कस्तू? हसू नको. 'मी आले' म्हटलं की मला असं वाटतंय, कुणी पावणी बाई माझ्या तोंडातनं बोलायलीय. मी कुठं तरी बाजूला बसलोय आणि ती बोलायलीय."

कस्तुरी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. वर्षभर ती ज्याला शब्द शोधत होती ते आईनं घुंगरं जोडता जोडता सांगून टाकलं होतं. आई, मलापण तस्संच वाटतंय, हे वाक्य तिच्या ओठावर आलं. ते बोलली असती तर पुढचं सगळंच कदाचित बोलता आलं असतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"व्हईल सवय," ती म्हणाली.

फेरपडताळणी झाली त्या संध्याकाळी आईचा आवाज परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा होता. "एकदा पण चुकले न्हाई. सगळं 'ते ते' बोलले. पण कस्तू, त्या बाईनं एक वेगळंच इचारलं. म्हणाली, तुमची मुलगी ल्हानपणी कशी बोलायची? आता काय सांगायचं? मला वाटलं, आमच्यात सगळ्याच 'जातो' म्हणतोय असं सांगितलं तर तुझं काम बिघडंल. म्हणून मी सांगितलं, आमच्या घरात कोण असं बोलत न्हाई. हीच एकटी तसं बोलायची, ल्हानपणापासनं. तुझ्यावर ढकललं गं. चालंल न्हवं?"

"चालंल," कस्तुरी म्हणाली. हीच एकटी. आईनं दिलेली ती खोटी साक्ष तिला एवढी खरी वाटली की फोन ठेवल्यावर तिनं ती मनात पुन्हा म्हणून पाहिली.

अंक आला अठ्ठ्याऐंशी. पत्रात आईचं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं आणि त्याखाली रेघ मारलेली होती.

समुपदेशक बाईंचं नाव शबाना मुजावर. चाळिशीच्या आत-बाहेर, केस आखूड, टेबलावर पाण्याची बाटली आणि तोच लाल दिव्याचा डबा. खोलीत शिरताच कस्तुरीची नजर त्याच्यावर गेली.

"तो असतोच," मुजावर बाई म्हणाल्या. "बारा बैठका मंडळाच्या पैशानं होतात, म्हणून तोही ऐकतो. अंकाशी जुळतंय का बघतो. माझा परवानाही त्याच्यावरच आहे." मग त्यांनी फाईल उघडली. पहिल्या पानावर गावाचं नाव होतं. त्यांनी मान वर केली.

"हुपरी?"

"हो."

"मी इचलकरंजीची," त्या म्हणाल्या.

कस्तुरी खुर्चीत पुढं सरकली. हुपरीहून इचलकरंजी दहा-बारा किलोमीटर. या बाई लहानपणी 'मी आलो' म्हणत घरात शिरलेल्या आहेत. यांची आई 'मी जातो' म्हणतच बाजाराला गेलेली आहे. सगळ्या पुण्यात तिचा प्रश्न अर्ध्या वाक्यात समजेल असं एक माणूस तिच्या समोर बसलेलं होतं.

मुजावर बाईंनी पान उलटलं. आईच्या वाक्याखालची रेघ त्यांना दिसली असणार, कारण त्यांचं बोट तिथं थांबलं. आमच्या घरात कोण असं बोलत न्हाई, हीच एकटी. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. हुपरीतल्या एखाद्या घरात बायका 'जातो' म्हणत नाहीत, हे इचलकरंजीच्या माणसाला सांगणं म्हणजे आजोळच्या विहिरीत पाणी नाही म्हणून मामालाच सांगणं. त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं. मग कस्तुरीकडे पाहिलं. फाईल मिटली.

"घरच्या बोलण्याचा विषय आपण नको घ्यायला," त्या सावकाश म्हणाल्या. "कळतंय ना?"

"कळतंय."

"मग सांगा. कुठून सुरू करायचं?"

कस्तुरीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सुरू करायला दुसरी जागाच नाही. तिचा सगळा प्रश्न त्या एका अक्षरातून निघाला होता. पुण्यात ते हरवलं तेव्हा दुखलं. ते दुखणं गावाचं की स्वतःचं, हे विचारायचं तर आधी सांगायला हवं की गावात सगळ्याच तसं बोलतात. तेवढं सांगितलं की दुरुस्ती परत लागणार, आईची साक्ष खोटी ठरणार, दार बंद होणार. कदाचित या बाईंचंही. तेव्हा ती आरशाबद्दल बोलली. 'ताई' म्हणण्याबद्दल बोलली. यंत्राला अठ्ठ्याऐंशी अंकांच्या माणसाकडून जे अपेक्षित असेल ते सगळं तिनं 'तो' लावून, न अडखळता सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण जे विचारायला ती आली होती ते त्यात नव्हतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

निघताना मुजावर बाई दारापर्यंत आल्या. "पुढच्या सोमवारी. मी असतो," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "असते."

दुसरी बैठक तशीच झाली. तिसरीही. तिसरीनंतर कस्तुरीला वाटलं, आता एकदा घरी जाऊन यावं. तिथं निदान उंबऱ्यात पाय ठेवताना तरी मनासारखं बोलता येईल. कुणी ऐकणार नाही, कुणी मोजणार नाही, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याच लक्षात न येण्याची तिला तहान लागली होती.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती निघाली आणि दुपार कलता हुपरीत उतरली. गल्ली नेहमीसारखीच होती. दारोदार बायका पाय पसरून घुंगरं जोडत बसल्या होत्या. अक्काताईच्या उंबऱ्यावरून जाताना तिला ऐकू आलं, "मी आले. मी गेले. मी बसले." अक्काताईची सून पुटपुटत होती. तिच्या पलीकडची पोरगीही.

"तुझ्या आईचं काम झालं न्हवं शुद्ध बोलून," अक्काताई म्हणाली. "मग आमीबी धरलंय. बँकेचा फोनबी आता असलंच बोलणं मागतोय म्हणं. बरं झालं, वैजू सगळ्यास्नी शिकवायलीय."

कस्तुरी आपल्या घराच्या उंबऱ्याशी आली. सोप्यात आई मान खाली घालून बसली होती. मांडीवर पैंजण, नाकावर चष्मा.

"आई, मी आलो."

आईनं मान वर केली नाही. हात चालूच होते. "आलो न्हवं, आले," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं, थोडी चेष्टाही. "मला तीन महिनं शिकवलीस, आणि आपणच इसरलीस?"

समोरून अक्काताई हसली. कस्तुरी पिशवी धरून तशीच उभी राहिली. या घरात आता 'आलो' ही कुणाचीच बोली नव्हती. पुन्हा म्हटलं तर आईला ते ऐकू येणार होतं, जन्मात पहिल्यांदा, आणि मग सगळंच सांगावं लागणार होतं, इथं, गल्लीसमोर, पिशवी खाली ठेवायच्या आत. सोमवारी अकरा वाजता ती ज्या खोलीत बसणार होती तिथं हे बोलता येत नव्हतं. इथं येत होतं. तिनं श्वास घेतला. आईच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर पोरीचं काम मार्गी लावल्याचं समाधान.

"आले," ती म्हणाली.

आईचे हात थांबले. तिनं चष्म्यावरून लेकीकडे नीट पाहिलं.

"एवढं एक अक्षर बोलायला," आई म्हणाली, "केवढा येळ लागला गं तुला."